वाचकांचे प्रश्न : ई-सायकलचा चढ आणि ई-सायकलचा वेग

ई-सायकलींविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांकडे पंचवीस-पस्तीस हजारांच्या आसपासची, २५० वॉट मोटरची साधी सायकल आहे आणि तिच्याकडून चढावर व सपाटीवर अधिक काही मिळावे, अशी अपेक्षा आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी ई-सायकल ३६ व्होल्टची, मागच्या चाकात मोटर असलेली आणि एकाच गिअरची आहे. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढताना ती फार मंदावते आणि शेवटच्या टप्प्यात मोटरला हात लावला तर चटका बसतो. माझे वजन ७८ किलो आहे. मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरकडे जाणारा प्रवाह आटोक्यात ठेवणारा भाग) यांपैकी काय बदलावे? वेग थोडा वाढला तर आनंदच आहे, पण मुख्य अडचण चढाची आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : मुख्य अडचण कोणती, हे तुम्ही स्पष्ट लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. चढ आणि वेग या दोन निराळ्या मागण्या आहेत आणि दुकानात त्या एकत्र मांडल्या, की ग्राहकाचे पैसे हमखास चुकीच्या ठिकाणी जातात. मोटर किती वेगाने फिरेल हे मुख्यतः व्होल्टेजवर ठरते, ती चाकाला किती जोर लावेल हे तिच्यातून वाहणाऱ्या अँपिअरवर ठरते, आणि तुमच्या पायांचा जोर चाकापर्यंत किती पोहोचेल हे दात्यांच्या प्रमाणावर ठरते. चढासाठी दुसरी आणि तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे.

आधी थोडा हिशेब पाहू. तुम्ही, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून सुमारे १०५ किलो वजन होते. चढ सहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर उंचीचा धरला, तर ताशी १५ किलोमीटरने तो चढण्यासाठी चाकावर सुमारे ३२० वॉट लागतात आणि त्यांतले २६० च्या आसपास निव्वळ वजन वर उचलण्यात जातात. ताशी १२ किलोमीटरने चढलात तर हीच गरज २५० वॉटवर येते. रोज सायकल चालवणारा निरोगी माणूस शंभर-सव्वाशे वॉट काही मिनिटे सहज देऊ शकतो. म्हणजे तुमच्या पायांनी आपला वाटा उचलला, तर मोटरकडून लागणारे १५० ते २०० वॉट तिच्या आवाक्यातले आहेत. सध्या पाय तो वाटा उचलत नाहीत आणि त्यात पायांचा दोष नाही.

दोष दात्यांचा आहे. अशा सायकलींना पुढे ४४ आणि मागे १८ दाते असणे नेहमीचे आहे. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २०५ सेंटीमीटर धरला, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. ताशी १५ च्या वेगाला पॅडल मिनिटाला जेमतेम पन्नास वेळा फिरते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार येतो, पाय थकतात, आपण नकळत हँडलवरचा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दाबतो आणि सगळे ओझे मोटरवर जाते. चाकातली मोटर चाकाशी कायमची बांधलेली असते, तिला गिअर बदलता येत नाही. चाक मंदावले की तीही मंदावते आणि मंद गतीला बॅटरीतून आलेल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग फिरवण्याऐवजी उष्णतेत जातो. तुम्हाला बसलेला चटका त्या उष्णतेचा आहे.

म्हणून पहिला खर्च मागच्या दात्यांच्या चकतीवर, म्हणजे फ्रीव्हीलवर करावा. तो मोटरच्या आट्यांवर बसवलेला असतो आणि १८ ऐवजी २० किंवा २२ दात्यांचा एकेरी फ्रीव्हील सायकलच्या चांगल्या दुकानात मिळतो. २२ दाते बसवले, की त्याच चढावर पाय मिनिटाला साठ फेरे मारतील. त्याच्या बदल्यात सपाटीवर ताशी २५ ला पाय शंभराच्या वर फिरवावे लागतील. रोजचा रस्ता बराचसा सपाट असेल तर २० दाते पुरेत. चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील, आणि चेन जुनी असेल तर ती नवीनच घ्यावी, कारण झिजलेली चेन नव्या दात्यांवर घसरते.

फ्रेमच्या मागच्या टोकाला डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) टांगण्याची जागा असेल आणि मोटरच्या बाजूला पुरेसे अंतर उरत असेल, तर सात पायऱ्यांचा १४ ते २८ दात्यांचा फ्रीव्हील बसवणे सर्वांत चांगले. २८ दात्यांवर ताशी १५ ला पाय मिनिटाला ७८ फेरे मारतात आणि बहुतेकांचे पाय याच लयीत सर्वांत कमी थकतात. हे काम इलेक्ट्रिकवाल्याचे नसून सायकलच्या जुन्याजाणत्या मिस्त्रीचे आहे. मोटरच्या आसाची लांबी मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

यापेक्षाही आधी, खर्च न करता करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. मागच्या टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो. साध्या २६ इंची टायरवर तो बहुधा ४० ते ६५ पीएसआय असतो, आणि मोटर व स्वाराचे वजन मागे असल्यामुळे तो वरच्या मर्यादेजवळ ठेवावा. दुसरे म्हणजे सायकल स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. डिस्क घासत असल्याचा आवाज येत असेल, तर चढावर तुमच्या आणि मोटरच्या मेहनतीतला वाटा ब्रेकच खात आहे.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर मोटर बदलण्याचा विचार करावा, पण अधिक वॉटची मोटर मागू नये, कमी फेऱ्यांची मागावी. ३६ व्होल्टला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेणारी मोटर २६ इंची चाकात ताशी २५ पर्यंतच जाते, २६० फेऱ्यांची मोटर ३२ पर्यंत जाते, आणि तेवढ्याच अँपिअरमध्ये पहिलीचा जोर अधिक असतो. स्वस्त सायकलींमध्ये लहान चाकासाठी गुंडाळलेली जलद मोटर मोठ्या चाकात बसवलेली कित्येकदा आढळते. ती सपाटीवर चपळ वाटते आणि चढावर दमते.

सिंहगडाविषयीही अनेकांनी विचारले आहे, म्हणून जाता जाता लिहितो. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा असून चढ जवळपास ६०० मीटरचा आहे. १०५ किलो एवढे वर उचलायला निव्वळ १७० वॉट-तास ऊर्जा लागते, आणि मोटरमधली घट धरता एकट्या मोटरच्या जोरावर जायचे तर ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे २८० वॉट-तासांची पूर्ण भरलेली बॅटरीही जवळजवळ रिकामी होईल. पाऊण तास सलग चढाचा ताप चाकातल्या छोट्या मोटरने सोसावा, ही अपेक्षाच गैर आहे. अर्धी मेहनत पायांनी करावी आणि मध्ये दोनदा थांबून मोटर निवू द्यावी.

प्रश्न : मी जयसिंगपूरहून सांगलीला महाविद्यालयात ई-सायकलने जातो. रस्ता सपाट आहे. माझ्या सायकलची बॅटरी ३६ व्होल्टची आहे, ती ४८ व्होल्टची केली तर वेग ताशी ३५ होतो, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का आणि त्यासाठी आणखी काय बदलावे लागेल? — एक विद्यार्थी, जयसिंगपूर

उत्तर : मित्र सांगतात ते मोटरपुरते खरे आहे. व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढले, की मोटरचे बिनभार (काही ओझे नसतानाचे) फेरेही तेवढेच वाढतात. मात्र ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टची असते आणि ४८ व्होल्टची बॅटरी ५४.६ व्होल्टची. तुमच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) बहुधा ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे आहेत. नवी बॅटरी पूर्ण भरून जोडली, तर ते पहिल्याच दिवशी फुटू शकतात. म्हणजे कंट्रोलर बदलावा लागेल, बहुतेक वेळा डिस्प्लेही बदलावा लागेल आणि चार्जर तर नक्कीच. घरात ३६ आणि ४८ असे दोन्ही चार्जर राहिले आणि ४८ चा चार्जर चुकून ३६ च्या पॅकला लागला, तर आग लागण्याचा धोका असतो. रात्री झोपताना चार्जिंगला लावण्याची सवय असलेल्या घरात हा धोका मी कोणालाही पत्करू देणार नाही.

आता या खर्चातून हाती काय येते ते पाहा. सपाट रस्त्यावर ताशी २५ ने जाताना हवा आणि टायर यांच्याविरुद्ध सुमारे १८० वॉट लागतात, ताशी ३५ ला ते ४१० च्या घरात जातात, कारण हवेशी झुंजण्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. पॅडल न मारता २८० वॉट-तासांची बॅटरी ताशी २५ ला सुमारे ३० किलोमीटर चालेल, ताशी ३५ ला सुमारे १८. दहा किलोमीटरला वाचतात सात मिनिटे. ब्रेकने थोपवायची ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी ३५ ला ती ताशी २५ च्या जवळपास दुप्पट होते. तुमच्या सायकलीचे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, तिचा पुढचा चिमटा आणि तिच्या चाकांच्या तारा त्या वेगासाठी निवडलेल्या नाहीत, आणि जयसिंगपूर–सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अचानक थांबावे लागते, हे तुम्ही रोज पाहत असाल.

कायद्याची बाजू तर याहून महत्त्वाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची (सलग तेवढा वेळ देता येणारी) शक्ती २५० वॉटहून कमी, वेग ताशी २५ हून कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने हे तपासून प्रमाणित केले असेल, तरच ते वाहन मोटार वाहन मानले जात नाही. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असलेली एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. मर्यादा ओलांडली, की तुमच्या सायकलीला नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे सारे लागू होते, पण घरी बदललेल्या सायकलीची नोंदणी व्यवहारात होत नाही. त्यामुळे अपघातात कोणी जखमी झाले, तर भरपाईचा सगळा भार तुमच्या कुटुंबावर येतो. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमही उघडली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रोज ताशी ३५-४० ची खरीच गरज असेल, तर परवाना काढून नोंदणी होणारी विजेची स्कूटर घ्यावी, मग ती जुनी का असेना. ताशी २५ पुरत असेल, तर आहे त्या सायकलीत अरुंद, गुळगुळीत टायर टाकावेत आणि हवा नीट ठेवावी. सपाटीवर फरक जाणवेल.

प्रश्न : आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, की कंट्रोलर उघडून आतल्या तारेवर थोडे सोल्डर चढवले, की चढावर ताकद वाढते आणि खर्च काहीच नाही. करू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करू नका. ती तार म्हणजे शंट आहे. तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजून कंट्रोलर किती प्रवाह वाहतो आहे हे ओळखतो. सोल्डर चढवले, की तारेचा रोध घटतो आणि प्रत्यक्षात २० अँपिअर वाहत असताना कंट्रोलरला १५ च वाटतात. ताकद वाढते हे खरे, पण तारा, जोड आणि बॅटरीतल्या सेलमध्ये होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे पावणेदोन पटीहून अधिक वाढते आणि ती थोपवणारा पहारेकरी तुम्ही आंधळा केलेला असतो. स्वस्त पॅकमध्ये तीन-तीन सेल समांतर असतात, त्यांतल्या प्रत्येकावर आधीच पाच अँपिअरचा भार आहे. त्याऐवजी मोटरच्या तीन जाड तारांचे जोड उघडून पाहा. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत ते हिरवे पडतात आणि तापतात. ते स्वच्छ करून घट्ट बसवले, तर वाया जाणारी ताकद सुरक्षितपणे परत मिळते.

प्रश्न : मी पणजीत राहते आणि रोज आल्तिनोची टेकडी चढून कामावर जाते. चाकातल्या मोटरची सायकल तो चढ नीट चढत नाही. माझ्याकडे गिअरची जुनी सायकलही आहे. तिला पॅडलजवळ बसणारी मोटर लावावी का? पावसाळ्याचे काय? — एक वाचक, पणजी

उत्तर : तुमच्या बाबतीत माझे उत्तर 'हो' आहे, आणि ते सहसा मी देत नाही. बारा टक्क्यांच्या चढावर ताशी दहा किलोमीटरने १०५ किलो वजन न्यायचे, तर चाकावर सुमारे १३० न्यूटनचा जोर लागतो. तुमचे पाय शंभर वॉट देत असले, तरी चाकातल्या मोटरने चाक फिरवण्याचा बत्तीसच्या आसपास न्यूटन-मीटर जोर सतत द्यावा लागतो. स्वस्त मोटरची कमाल क्षमता तीस-चाळीसच्या घरात असते, म्हणजे ती पूर्ण वेळ आपल्या टोकावर राबते आणि त्या मंद गतीला तापते. तिच्या आत नायलॉनची दातेरी चाके असतात, तीही अशा वापरात लवकर झिजतात.

पॅडलच्या आसावर बसणारी मोटर चेनमधूनच चाक फिरवते, त्यामुळे सायकलचे गिअर तिलाही वापरता येतात. मागे ३२ किंवा ३४ दाते घेतले, की चाक हळू फिरत असले तरी मोटर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. म्हणून २५० वॉटचीच मोटर येथे दुप्पट कामाची वाटते. बाफांगची बीबीएस०१ आणि टोंगशेंगची टीएसडीझेड२ हे संच या प्रकारचे आहेत आणि ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या साध्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (पॅडलचा आस ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीत) बसतात. दुसऱ्या संचात पायांचा जोर ओळखणारा सेन्सर असतो. पायांच्या जोरावर मदत कमी-जास्त होत असल्यामुळे चढावर ती अंगवळणी लवकर पडते आणि बॅटरीही जपली जाते. मी तोच निवडेन. घेताना २५० वॉटची आवृत्ती आणि चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. नियमातली सवलत प्रमाणित वाहनाला आहे, त्यामुळे प्रमाणपत्र नसलेला संच बसवताना आपण कोणत्या जागी उभे आहोत, याची जाणीव असावी.

बसवण्याआधी फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटचे आटे स्वच्छ आहेत का ते पाहावे. चेन आणि मागचे दाते पूर्वीपेक्षा बरेच लवकर झिजतील. गिअर बदलताना क्षणभर पायांचा जोर सैल सोडण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर चेन तुटेल, आणि ती नेमकी चढावर तुटेल. उतरताना ब्रेक मोटरइतकेच महत्त्वाचे आहेत. आल्तिनोचा उतार ओल्या रस्त्यावर रोज करायचा, तर पुढे-मागे चांगल्या पॅडचे डिस्क ब्रेक लावण्याचा खर्च टाळू नये.

पावसाळ्यात पाणी बहुतेक वेळा तारेवरून ओघळून आत शिरते. म्हणून प्रत्येक तार जोडाच्या आधी खाली लोंबती ठेवून मग वर वळवावी, म्हणजे थेंब खालीच गळतो. जोडांच्या तोंडाला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस लावावे आणि प्रेशरच्या पाण्याने सायकल कधीही धुऊ नये. चाकातली मोटर तशीच ठेवणार असाल, तर तिच्या आसाला टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी बांधणारी पट्टी) आहे का ते पाहा. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये आसाचे नट सैल झाले, की मोटर आपल्याच आसासकट फिरते आणि तारा तोडून टाकते.

प्रश्न : डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन रेघा दिसत असूनही चढावर सायकल एकदम बंद पडते. दोन मिनिटे थांबलो की पुन्हा चालू होते. थंडीत हे अधिक होते. कंट्रोलर खराब झाला का? — एक वाचक, निफाड

उत्तर : कंट्रोलर बहुधा आपले काम चोख करतो आहे. बॅटरी जुनी झाली, की तिचा आतला रोध वाढतो. नव्या पॅकचा रोध ०.१५ ओहम धरला, तर १५ अँपिअर खेचताना व्होल्टेज सव्वादोनने खाली येते, तोच रोध ०.३५ झाला, तर सव्वापाचने. विश्रांतीत ३६ व्होल्ट दाखवणारा पॅक चढावर ३१ च्याही खाली जातो आणि कंट्रोलर सेल वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. थांबलात की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि रेघाही परत दिसतात. थंडीत रोध आणखी वाढतो, आणि निफाडची थंडी तर राज्याला ठाऊक आहे.

साध्या मल्टिमीटरने खात्री करता येईल. पूर्ण चार्ज झाल्यावर पॅक ४२ च्या जवळ न जाता ४१ किंवा त्याखाली थांबत असेल, तर आतले सेल एकमेकांशी जुळलेले नाहीत. चार्जर काही वेळा, पूर्ण चार्ज झाल्याचा दिवा लागल्यानंतरही दोन-तीन तास, घरात कोणी जागे असताना, लावून ठेवावा. थोडी विषमता त्याने निघून जाते. निघाली नाही, तर पॅकमधले सगळे सेल एकाच वेळी, एकाच जातीचे आणि स्पॉट वेल्डिंगने बदलून घ्यावे लागतात. जुन्या पॅकला बाहेरून आणखी एक पॅक समांतर जोडण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये, कारण जोडताना व्होल्टेजमध्ये थोडाही फरक असला तर एका पॅकमधून दुसऱ्यात मोठा प्रवाह धावतो.

तोवर हिवाळ्यात बॅटरी रात्री घरात ठेवा, चढाच्या आधी मदतीची पातळी एकने कमी करा आणि पॅडल मारत चढा. प्रवाह १५ वरून १० अँपिअरवर आला, तरी जुना पॅक बहुतेक चढ पार करून देतो. पॅक बदलाल तेव्हा जुना भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि तो विक्रेत्याकडे परत करा, कारण वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.